आज भूक जरा जास्तच आहे



वजन कमी करणाऱ्यांच्या वाट्याला असा एखादा दिवस येतोच.
सकाळी पोहे झाले.
अकरा वाजता पुन्हा पोटात कावळे!
मग वाटतं, आपला निश्चयच कच्चा.

तसं नसतं.

खाणं कमी झालं, वजन उतरू लागलं, की शरीरच भूक वाढवतं.
जठरात तयार होणारं घ्रेलिन हे संप्रेरक मेंदूला भुकेचा निरोप देतं.
जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधलं.
झोप अपुरी झाली, तरी भूक वाढते. काही जणींची पाळीच्या आधीही वाढते.

अशा दिवशी उपाशी राहू नये.
थोडं जास्त खावं, पण पोटाला आधार देणारं.

मटकीची उसळ घ्यावी. मुगाचं धिरडं, काकडी, वाटीभर दही.
प्रथिनं आणि तंतुमय पदार्थांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.
साबुदाण्याची खिचडी इथे फारशी कामाची नाही. तिच्यात मुख्यतः पिष्टच.
फरसाणाचं तर विचारूच नका. मूठभर म्हणता म्हणता डबा रिकामा!

पुन्हा सांगायचं, तर उपाशी राहू नये.
दुसऱ्या दिवशी भरपाईचा कडक उपासही नको.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं.