गळ, परवाना आणि सार्वजनिक पाणी
(नगरपालिका व पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण शिबिरात दिलेले व्याख्यान)



गावतळ्याच्या काठी गळ टाकून तासन् तास बसलेला मनुष्य आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याजवळ जाऊन कोणी "परवाना दाखवा" म्हणाले, तर तो आश्चर्याने विचारील, "तळे सर्वांचे, मासा पाण्याचा आणि गळ माझा, मग परवाना कशाचा?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नियम करणाऱ्याला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले पाहिजे. ते उत्तर शोधण्यासाठी आज मी आपल्यासमोर एका दूरच्या महानगराचे उदाहरण ठेवणार आहे.

ते महानगर म्हणजे न्यूयॉर्क. तेथील सार्वजनिक उद्यानांमध्ये अनेक तलाव असून हौशी लोकांना तेथे गळाने मासे धरण्याची मुभा आहे. परवाना शहर देत नाही. तो राज्य शासनाच्या पर्यावरण संरक्षण विभागाकडून घ्यावा लागतो. गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकास तो आवश्यक आहे. राज्यातील रहिवाशाला वर्षाचे पंचवीस डॉलर पडतात, तर सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या रहिवाशाला केवळ पाच. सोळा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. राज्याच्या परवान्याखेरीज शहराच्या उद्यान विभागाचे स्वतःचे नियम आहेत: उद्यानातील तलावात धरलेला मासा परत पाण्यात सोडला पाहिजे, गळाला उलटा काटा नसावा आणि दोरीला शिशाचे वजन बांधू नये.

नियमामागील कारण

वरवर पाहता हे नियम जाचक वाटतील. परंतु त्यांतील प्रत्येकामागे एक कारण उभे आहे. उलटा काटा असलेला गळ काढताना माशाचा जबडा फाटतो आणि पाण्यात सोडलेला मासाही पुढे मरतो; म्हणून काटा नको. शिसे विषारी आहे. तळाशी पडलेले शिशाचे तुकडे पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने दगावतात. म्हणून शिसे नको. शहरातील तलाव लहान आणि गळ टाकणारे पुष्कळ. प्रत्येकाने मासा घरी नेला, तर अल्पावधीत तलाव रिकामा होईल. म्हणून मासा परत सोडावयाचा.

शहरी पाण्याच्या बाबतीत आरोग्याचाही प्रश्न असतो. न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीत कारखान्यांतून वर्षानुवर्षे सोडलेली घातक रसायने गाळात आणि तेथून माशांच्या चरबीत साठली. परिणामी १९७६ साली नदीच्या वरच्या भागात मासेमारीच बंद करावी लागली. १९९५ पासून तेथे गळ टाकण्यास अनुमती मिळाली, ती धरलेला मासा परत सोडण्याच्या अटीवर. पाणी एकदा बिघडले म्हणजे मासा असूनही तो खाता येत नाही, हा धडा त्या शहराने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

मासा परत सोडण्याच्या नियमाला एक अपवादही आहे, आणि तो उद्बोधक आहे. आपल्या मरळीच्या कुळातील, पूर्व आशियातील एक मासा २००५ साली तेथील मेडो लेक या तलावात आढळला. बाहेरून आलेला हा मांसभक्षी मासा स्थानिक माशांना खाऊन टाकील, अशी भीती निर्माण झाली. पुढे सेंट्रल पार्कमधील हार्लेम मीअर या तलावाच्या काठी शासनाने सूचनाफलक लावले: हा मासा सापडल्यास तो पाण्यात सोडू नका, अधिकाऱ्यांना कळवा. आपल्याकडे आफ्रिकेतून आलेली चिलापी १९५२ साली देशात आणली गेली, आणि आज ती कितीतरी तळ्यांत स्थानिक माशांची जागा घेऊन बसली आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

परवान्याचे खरे प्रयोजन

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मासा परतच सोडावयाचा असेल, तर परवान्याचे पैसे कशाला? याचे उत्तर अमेरिकेतील १९५० च्या एका कायद्यात आहे. त्या कायद्याने गळ, काठी, चरखी इत्यादी साहित्यावर उत्पादकाकडून घेतला जाणारा कर मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवला. तो राज्यांना वाटून देताना दोन गोष्टी पाहिल्या जातात: राज्याचे क्षेत्रफळ आणि तेथील परवानाधारकांची संख्या. याहून महत्त्वाची अट अशी की, परवान्याच्या शुल्कातून आलेला पैसा राज्याने अन्य कामाकडे वळवावयाचा नाही. म्हणजे गळ टाकणाऱ्याने दिलेला पैसा मत्स्यबीज, पाण्याची तपासणी व देखरेख यांच्या रूपाने पाण्याकडेच परत येतो.

दुसरे प्रयोजन नोंदीचे. किती लोक मासे धरतात हे ठाऊक नसेल, तर पाण्यावर किती भार पडतो हे कसे कळणार? न्यूयॉर्क राज्याने २००९ साली समुद्रातील हौशी मासेमारीसही सशुल्क परवाना लागू केला. लोकांनी त्यास विरोध केला. २०११ साली शुल्क रद्द झाले. नोंदणी मात्र कायम राहिली आणि ती विनामूल्य करण्यात आली. शुल्क सोडता आले, मोजदाद सोडता आली नाही. यावरून परवान्याचा गाभा कोणता, हे स्पष्ट व्हावे.

आपल्याकडील परिस्थिती

परंतु हे उदाहरण जसेच्या तसे उचलून आणणे योग्य होणार नाही. तेथील उद्यानात गळ टाकणे हा विरंगुळा आहे. आपल्या तळ्यांवर भोई, ढिवर आदी समाजांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करीत आली आहेत, आणि अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने आहेत. हौशी माणसाला सवलत देताना कष्टकऱ्याचा हक्क डावलला जाऊ नये. तसेच नियमाचा बडगा गळ घेऊन बसलेल्या पोरावर उगारावा आणि सुरुंग लावून किंवा विष कालवून सबंध डोह मारणारा मात्र सुटावा, असेही होता कामा नये. १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्याने स्फोटके व विष यांचा वापर गुन्हा ठरविला होता, आणि जाळ्यांचा आकार व प्रकार यांवर नियम करण्याचा अधिकार शासनास दिला होता. खरी हानी कशाने होते, हे त्या काळीही उमगले होते.

मत्स्यव्यवसाय हा विषय संविधानाच्या राज्यसूचीत आहे. अकराव्या अनुसूचीने तो पंचायतींच्या विषयांत घातला, आणि बाराव्या अनुसूचीने उद्याने व बागा नगरपालिकांच्या विषयांत घातल्या. म्हणजे न्यूयॉर्कप्रमाणेच आपल्याकडेही एकाच तळ्याशी एकाहून अधिक संस्थांचा संबंध येतो. परवाना कोणी द्यावा, देखरेख कोणी करावी आणि पैसा कोठे जमा व्हावा, हे आधी ठरले नाही, तर तळे सर्वांचे असूनही कोणाचेच राहत नाही.

नियम पाळण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असे मात्र कोणी समजू नये. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथील मासे देवीचे मानले जातात आणि कोणी त्यांना धरीत नाही. तेथे परवाना नाही, शिपाई नाही. तरीही डोहातील महसीर मासे टिकून आहेत. लोकांना नियमामागील भावना आपली वाटते, एवढेच त्याचे रहस्य.

तेव्हा पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, तळ्यावर नियमाचा फलक लावताना प्रत्येक नियमाखाली त्याचे कारण एका ओळीत लिहावे. शुल्क घेतलेच, तर ते किती जमले आणि त्यातून किती मत्स्यबीज सोडले, हे त्याच फलकावर दरवर्षी नोंदवावे. मुलांना व वृद्धांना सवलत द्यावी आणि सहकारी संस्थेचे मत घेतल्यावाचून काही ठरवू नये. शिक्षकांनी मुलांना तळ्याकाठी न्यावे. हार्लेम मीअरच्या काठी मुलांना बांबूच्या गळकाठ्या विनामूल्य वापरावयास देत असत, त्या याच हेतूने. ज्या मुलाने मासा हातात धरून परत पाण्यात सोडला, तो मोठेपणी त्या पाण्यात विष कालवणार नाही.

काठावरच्या त्या माणसाला आता आपण उत्तर देऊ शकतो: "बाबा, तळे सर्वांचे आहे, म्हणूनच त्याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि त्या हिशेबात तुझेही नाव असावे, म्हणून हा परवाना." हे उत्तर खरे ठरविणे मात्र आपल्या हाती आहे.