जुन्या लॅपटॉपच्या व्याधी व त्यांची परीक्षा

(उमरठ येथील शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



सिंहगडावर १६७० साली धारातीर्थी पडलेल्या सुभेदार तानाजी मालुसरे यांच्या समाधीने पावन झालेल्या या गावी यंत्रदुरुस्तीचा विषय काहींना रुक्ष वाटेल. परंतु विद्यार्थ्यांच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचा हिशेब व वर्गात दाखवावयाचे पाठ हे सारे ज्या एका जुन्या लॅपटॉपवर विसंबून असते, तो बंद पडला म्हणजे शाळेचे किती अडते, हे आपणांस सांगावयास नको. दुरुस्तीसाठी पोलादपूर किंवा महाड गाठावे, तर दिवस मोडतो आणि बहुधा पदरचे पैसेही जातात. म्हणून दोषाची प्राथमिक परीक्षा शिक्षकाला स्वतः करता आली पाहिजे.

गणित चुकलेल्या मुलाची पाटी आपण पुसून टाकीत नाही. तो कोणत्या पायरीवर चुकला ते पाहतो. येथेही तीच रीत. बाहेरून आत जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय केले ते वहीत टिपून ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणत्या उपायाने आला हे कळत नाही.

लॅपटॉप मुळीच सुरू होत नसेल, तर प्रथम भिंतीवरील सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासावे. नंतर चार्जरची वायर व पिन पाहावी. दुसरा चार्जर लावून पाहावयाचा झाल्यास त्यावरील आकडे वाचावेत. व्होल्ट मूळ चार्जरइतकेच हवेत. अँपिअर तितकेच किंवा अधिक चालतात. पिनही तशीच असावी. एवढ्याने भागले नाही, तर चार्जर काढावा, सुटी होणारी बॅटरी असल्यास तीही काढावी, सुरू करण्याचे बटण सुमारे तीस सेकंद दाबून धरावे आणि मग केवळ चार्जरवर यंत्र लावून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो, असे झाल्यास यंत्र प्रोजेक्टरला किंवा दूरदर्शन संचाला जोडावे. तेथे चित्र दिसले, तर दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे असे समजावे. अंधारात पडद्यावर तिरपा टॉर्च धरल्यास पुसट चित्र दिसते काय, तेही पाहावे. दिसल्यास पडद्यामागील प्रकाश गेलेला असतो. कोठेच चित्र नसेल, तर संशय रॅमवर घ्यावा. आपल्या दमट हवेत रॅमच्या पट्टीचे सोनेरी टोक मळते. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने, चार्जर व बॅटरी काढून, लोखंडी कपाटाला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवून मग ती पट्टी काढावी. ते टोक खोडरबराने हलकेच पुसावे, भुकटी झटकावी आणि पट्टी तिरपी बसवून बाजूच्या पकडी खटकन लागेपर्यंत दाबावी. काही यंत्रांत रॅम कायमची जोडलेली असते. तिच्या वाटेस जाऊ नये.

यंत्र काही वेळ चालून आपोआप बंद पडत असेल, तर ते बहुधा तापते. हवेची झरोकी धुळीने बुजलेली असतात. पंख्याचे पाते काडीने स्थिर धरून मऊ ब्रशाने धूळ काढावी. तारीख व वेळ रोज चुकत असेल, तर आतील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल बदलावा. त्याची किंमत अल्प असते.

दोन ठिकाणी मात्र धाडस करू नये. बॅटरी फुगून यंत्राचा तळ किंवा बोट फिरविण्याची पट्टी वर आली असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे. बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये; ती पेट घेऊ शकते. तसेच पाणी शिरलेले यंत्र सुरू करून पाहू नये. जुलै २०२१ च्या महापुरात महाडात घरोघरी पाणी शिरले, हे आपणांस ठाऊक आहेच. अशा वेळी वीज तोडावी, बॅटरी काढावी व यंत्र वाऱ्यावर सुकू द्यावे. चुलीजवळ ठेवणे घातक. तांदळात पुरल्यानेही लाभ होत नाही, उलट पिठूळ आत जाते.

शेवटी माझा एक अपराध कबूल करतो. माझ्या शाळेच्या यंत्रातील हार्ड डिस्क टक्‌टक्‌ आवाज करू लागली होती. वाचलेल्या फाइली त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घेणे हे माझे कर्तव्य होते. मी आठवडाभर यंत्र पुनःपुन्हा सुरू करीत राहिलो आणि डिस्क कायमची बंद पडली. शासकीय माहिती कागदोपत्री होती. ती पुन्हा भरता आली. परंतु मुलांनी आपल्या आज्यांकडून ऐकून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या तेवढ्या त्या डिस्कवरच होत्या. नवी डिस्क आली, यंत्र सुरू झाले. त्या आज्यांपैकी काही मात्र आता हयात नाहीत.

तेव्हा बंधुभगिनींनो, दुरुस्तीचा पहिला धडा स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वीचा आहे. प्रत्येक शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती काढाव्यात आणि त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर सुरक्षित ठेवावी. यंत्र जडवस्तू नोंदवहीतून एक दिवस निर्लेखित होणारच. मुलांनी त्यात साठविलेले त्याबरोबर जाऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.