बीजे किती आणि कशासाठी?



अपत्यासाठी उपचार घेणाऱ्या घरांतून एक प्रश्न हटकून कानी येतो : ‘इंजेक्शने जोराची दिली, तर बीजे जास्त मिळतील ना?’ या ‘जोराची’ शब्दाचाच विचार आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

प्रथम शरीराचा रिवाज पाहू. दर महिन्यास स्त्रीच्या बीजकोशात अनेक पुटिका वाढीस लागतात. परंतु मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येणारे संप्रेरक पुढे ओसरते. बहुधा एकच पुटिका पक्व होते, बाकीच्या सुकून जातात. एरवी सुकणाऱ्या या पुटिकांना जगविणे, एवढाच औषधांचा उद्योग. पुढील महिन्यांची शिल्लक त्यात खर्ची पडते, ही समजूत खरी नव्हे.

पहिला मार्ग गोळ्यांचा. बीज सुटतच नाही अशा स्त्रियांस १९६० नंतर क्लोमिफेन उपकारक ठरले. पॉलिसिस्टिक ओव्हरीच्या विकारात मात्र लेट्रोझोल सरस, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ७५० स्त्रियांवरील अमेरिकन चाचणीत दिसले. लेट्रोझोल घेणाऱ्यांत शेकडा २७.५ जणींस मूल झाले, क्लोमिफेन घेणाऱ्यांत १९.१.

दुसरा मार्ग इंजेक्शनांचा. परीक्षानळीतील गर्भधारणेसाठी अनेक बीजे हवी असतात, तेव्हा हाच अवलंबितात. येथे अडचण अशी, की बीजे काढून घेण्यापूर्वीच ती सुटून जाण्याची भीती असते. म्हणून लगाम हवा. १९८० नंतरच्या ‘लांब’ पद्धतीत आधी दोनतीन आठवडे पीयूषिका निजवून मग बीजकोशास चेतवितात. २००० च्या सुमारास रूढ होऊ लागलेल्या ‘अँटागोनिस्ट’ पद्धतीत चेतना आधी सुरू होते आणि पाचसहा दिवसांनी लगाम लागतो. दोहोंत मूल होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच. पण दुसरीत दिवस थोडे लागतात आणि बीजकोश अतिचेतित होण्याचा धोका कमी.

हा धोका लहान नव्हे. बीजकोश सुजतो, पोटात पाणी साचते, रक्त दाट होऊन गुठळ्या होऊ शकतात. क्वचित प्राणावरही बेतते. ‘जोराची इंजेक्शने’ मागताना हे कोणाच्या जिवावर मागतो, याचे भान घरच्यांनी ठेवावे. शिवाय साधारण पंधरा बीजांपलीकडे त्याच महिन्यातील रोपणाच्या यशात फारशी भर पडत नाही. धोका मात्र वाढतच जातो.

तिसरा मार्ग सौम्य औषधांचा, किंवा औषधांवाचून मिळणाऱ्या एका बीजाचा. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात ओल्डहॅम येथे जन्मलेले पहिले बालक अशाच एका नैसर्गिक बीजाचे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी बीजकोश चेतवून आणि गर्भ गोठवून तेच साधले. हयातीत त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १९८१ साली त्यांनी जीवनयात्रा संपविली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील १९८६ च्या बालकामागे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर ज्यांचे परिश्रम होते, त्या डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांचे कागद तपासून अग्रमान त्यांना दिला. आज चेतना देणे आणि गर्भ गोठविणे हे जगभरचे नित्यकर्म आहे.

मग श्रेष्ठ मार्ग कोणता? वय, बीजकोशातील साठा आणि विकार पाहून तो ठरतो. शेजारणीस लागू पडला म्हणून आपणांस पडेलच असे नाही. औषध बीजांची संख्या वाढविते, वय मागे नेत नाही. दोष पुरुषात असेल, तर पत्नीस टोचलेली इंजेक्शने तो दूर करीत नाहीत. म्हणून पतीची तपासणी आधीच व्हावी. डॉक्टरांना ‘बीजे किती?’ असे विचारण्यापूर्वी ‘हा मार्ग हिलाच का, आणि धोका टाळण्याची तजवीज काय?’ असे विचारावे. मूल घरी यावे ही इच्छा रास्तच. पण ते आईला सुखरूप ठेवून यावे.