नैरोबीचे सिंह आणि आपली जागल
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"परदेशातलं काहीतरी सांग," असा संयोजकांचा निरोप होता. कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे केनियात, नैरोबीला होते. तिथल्या एका रविवारबद्दल बोलते. कॉम्प्युटरचं काही काढणार नाही, घाबरू नका.

ऑफिसातली माझी मैत्रीण तिथलीच. म्हणाली, "सकाळी सहाला तयार राहा. सिंह बघू आणि दुपारी आमच्या घरी जेवायला जाऊ." मला थट्टाच वाटली. पण नैरोबी नॅशनल पार्क खरंच शहराला चिकटून आहे. १९४६ साली झालेलं, ११७ चौरस किलोमीटरचं. जिराफ उभा असतो आणि त्याच्या मानेमागे शहरातल्या उंच इमारती दिसतात. रेल्वेसुद्धा पार्कातून जाते, पण उंच खांबांवरून, म्हणजे खालून जनावरांना वाट राहते. गेंडा दिसला, शहामृग दिसले. हत्ती मात्र या पार्कात नाहीत. साडेनऊच्या सुमारास गवतात सिंहीण दिसली. तिनं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी फोटो काढले, तेही हललेले.

या पार्कला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी. पावसाळ्यात झेब्रे चरायला त्या बाजूच्या माळावर जातात आणि त्यांच्यामागं सिंह जातात. त्याच माळावर मसाई लोकांची गुरं असतात. मैत्रिणीचं घर तिकडेच, कितेंगेलाला. तिथं आम्ही जेवलो. चपातीला ते चपातीच म्हणतात, चहाला चाय आणि दुकानाला दुका! मला निम्मी भाषा आल्यासारखंच वाटलं. जेवताना तिचे काका म्हणाले, "तुम्ही सिंह दिसावा म्हणून पैसे देता, आम्ही तो येऊ नये म्हणून रात्र जागून काढतो." ते इंग्रजीत बोलत होते, पण माझ्या मनात शब्द आला तो आपला, जागल.

मग त्यांनी रिचर्ड तुरेरे या त्याच भागातल्या मसाई पोराची गोष्ट सांगितली. गुरं राखायचं काम त्याच्याकडे होतं आणि सिंहानं त्यांचा एकुलता एक बैल मारला. त्यानं आधी जाळ करून पाहिला, तर त्या उजेडात सिंहालाच गोठ्यातलं नीट दिसायला लागलं. मग बुजगावणं उभं केलं. पहिल्या दिवशी सिंह फसले, दुसऱ्या दिवशी नाही. एका रात्री तो टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत होता आणि त्या रात्री सिंह आले नाहीत. हलणाऱ्या उजेडाला सिंह भितात, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं गाडीची जुनी बॅटरी, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा डबा, टॉर्चचे दिवे आणि सोलर पॅनेल जोडून उघडझाप करणारे दिवे गोठ्याभोवती लावले. २०१३ साली, तेरा वर्षांचा असताना, अमेरिकेत टेडच्या व्यासपीठावर त्यानं स्वतः हे सांगितलं. त्याला चांगल्या शाळेत शिष्यवृत्तीही मिळाली.

परतताना गाडीत मी गप्प होते. मला आपला वर्ग आठवत होता.

आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा रोज झोपायचा. त्यांच्या ज्वारीत रानडुकरं आणि रोही शिरायचे, म्हणून तो रात्रभर आखाड्यावर जागलीला असायचा. मॉनिटर मी होते. 'वर्गात झोपणारे' असं फळ्यावर लिहून खाली त्याचं नाव मी लिहायचे. मग तो दोन तास बाकावर उभा. एकदा मधल्या सुट्टीत त्यानं मला वहीत चित्र काढून दाखवलं. भोक पाडलेलं मडकं, त्याखाली काठीला बांधलेला डालड्याचा डबा. डबा भरला की काठी कलंडते आणि तिचं दुसरं टोक पत्र्यावर आपटतं. "मडकं रिकामं व्हायलं की धार बारीक होती," तो म्हणाला, "मग आवाज कवा व्हईल ते डुकराला कळत न्हाई." मी हसले. मैत्रिणींना सांगितलं, त्याही हसल्या.

मला इंजिनिअर होऊन वीस वर्षं उलटली. तो आवाज ठरलेल्या वेळी का होऊ द्यायचा नाही, हे त्याला पंधराव्या वर्षी कळलं होतं. बुजगावणं दुसऱ्या दिवशी का फसलं, त्याचं उत्तर त्याच्या वहीत होतं. मी ते वाचलं नाही.

नैरोबीहून मी त्याला फोन केला. जुना ग्रुप शेवटी कामाला आला म्हणायचा. शेतावर आता झटका मशीन बसवलंय, म्हणाला, पण जागल काही सुटली नाही. मी माफी मागितली, तर म्हणतो, "अगं, फळ्यावरचं माझं नाव पुसलं का न्हाई अजून?"

तो आज आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. जागाच आहे. फळाही आहे आणि खडू माझ्याकडे आहे. ये रे, मडकं कुठं आणि डबा कुठं, ते काढून दाखव सगळ्यांना.