निसर्गस्नेही राहणी आणि आपले घर
(एका कुटुंब-मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात कायद्यावर चार शब्द बोलावेत, अशी चालकांची सूचना होती. मी मात्र गुळापासून आरंभ करणार आहे. आपण हसाल, पण स्वयंपाकघरातही कायद्याचे काम असते, हे मला या गुळानेच शिकविले.

गेल्या पावसाळ्यात मी एका दुकानातून गूळ आणला. पुडक्यावर हिरव्या अक्षरांत 'शुद्ध सेंद्रिय' असे छापले होते आणि किंमत साध्या गुळाच्या जवळजवळ दुप्पट होती. पत्नीने विचारले, "हा सेंद्रिय कशावरून?" वीस वर्षे साक्षीदारांची उलटतपासणी करणारा मी या एका प्रश्नापुढे निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी दुकानदारास तोच प्रश्न केला. तो म्हणाला, "वकीलसाहेब, रंग पाहा, किती काळसर! हाच दाखला."

हा दाखला होऊ शकतो काय? गूळ काळसर असेल, तर तो उजळ करण्याचे रसायन त्यात कमी घातले असावे, एवढाच तर्क फार तर करता येईल. ऊस कोणत्या खतावर वाढला, त्यावर कोणती औषधे फवारली, हे रंग सांगत नाही. शेत सेंद्रिय ठरण्यास सामान्यतः दोन ते तीन वर्षे रासायनिक खते व कीटकनाशके वर्ज्य करावी लागतात आणि तशी नोंद ठेवावी लागते. म्हणजे सेंद्रियपणा हा नोंदीने सिद्ध करावयाचा असतो. तो डोळ्यांनी पाहून अगर चव घेऊन ठरत नाही.

म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली सेंद्रिय अन्नाविषयी नियम केले. पुडक्यावर 'जैविक भारत' हे चिन्ह असावे, त्यामागे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र असावे, किंवा शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या शेतांची पाहणी करून दिलेली हमी असावी, अशी ही व्यवस्था आहे. छोटा शेतकरी आपल्या शेतातला माल स्वतः थेट आपणांस विकत असेल, तर त्यास ही सक्ती नाही. तेथे आपण त्याच्या शेतावर जाऊन पाहावे. पुढे २०२४ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही बजावले की, 'हरित', 'नैसर्गिक', 'पर्यावरणस्नेही' असले शब्द पुराव्यावाचून जाहिरातीत वापरू नयेत.

आपल्यापैकी अनेक घरांत महिन्याचा किराणा मोजूनमापून भरला जातो. मुलाच्या पोटात विष जाऊ नये म्हणून आई स्वतःच्या औषधाचे पैसे बाजूला काढून महागडी वस्तू घेते. अशा आईस फसविणे ही क्षुल्लक बाब नव्हे. म्हणून पावती घ्या, पुडके जपून ठेवा. ग्राहक साहाय्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. माझ्या धंद्यास हे सोयीचे नसले, तरी सांगितले पाहिजे!

परंतु ज्यांस सेंद्रिय माल परवडत नाही, त्यांनी खंत करू नये. हंगामातली भाजी घ्यावी, ती वाहत्या पाण्यात नीट धुवावी, घरून कापडी पिशवी न्यावी, उरलेले अन्न वाया घालवू नये. आमच्या मातापित्यांनी जुन्या लुगड्याची गोधडी केली, डबा फुटेपर्यंत वापरला. मी गरिबीचे गोडवे गात नाही. त्यांची काटकसर अभावाची होती, आणि तो अभाव पुन्हा कोणाच्या वाट्यास येऊ नये. पण हातात चार पैसे आल्यावरही जो विचारपूर्वक कमी वापरतो, त्याची राहणी खरी निसर्गस्नेही होय.

आता दुसरा प्रश्न. आपण टाकलेला कचरा शेवटी कोणाच्या हातात जातो? या कामास पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्तीतील माणसे जुंपली गेली, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभारली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महानगरपालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागले. त्या हातांस आपण काय देतो? फुटलेली काच भाजीच्या सालींत मिसळून देतो काय? ओला व सुका कचरा वेगळा ठेवा. काच जाड कागदात गुंडाळा. वापरलेले पॅड व डायपर निराळे बांधून त्यावर खूण करा. जो स्वतः अपमान सोसून वर आला, त्याने आपली घाण दुसऱ्याच्या उघड्या हातांवर टाकू नये.

शेवटी सहलीविषयी. मुलांस कान्हेरीस न्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभरांहून अधिक लेणी आहेत. चैत्य पाहून परतू नका. लेण्यांच्या दाराशी खोदलेली पाण्याची टाकी व कातळातील पन्हळी मुलांस दाखवा. तेथील शिलालेख या टाक्यांस 'पोढी' म्हणतात. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी भिक्षूंनी थेंबाथेंबाने साठविले आणि त्यावर उन्हाळा काढला. अशा ठिकाणी आपण थर्माकोलच्या ताटल्या नेणार काय? त्यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. स्टीलचे डबे न्या, माकडांस खाऊ घालू नका, केलेला कचरा घरी परत आणा. भिंतीवर नाव कोरू नका. संरक्षित स्मारकास इजा करणारास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मुलास कैदेचे भय घालण्यापेक्षा त्या टाक्याजवळ त्यास घटकाभर बसवा.

तो गूळ मी परत केला. दुकानदाराने कुरकुर करीत पैसे दिले, आणि आठवड्याने पाहतो तो फळीवर चिन्ह असलेली चार पुडकी होती. एका गृहिणीच्या प्रश्नाने एवढे घडले. आपणही आपल्या घरी, दुकानी आणि सहलीस असेच प्रश्न विचारीत जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.