३१ ऑगस्ट : विमुक्त दिन



१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. परंतु याच देशातील अनेक जमातींच्या पायांतील बेडी तुटण्यास आणखी पाच वर्षे लागली. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्या जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. तेथे अपराध नव्हे, कूळ पाहिले जाई. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यास परवाना आणि सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आतील वसाहत, असे ते जिणे होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तोच विमुक्त दिन होय.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींत बंजारा, कैकाडी, वडार, पाल पारधी आदी समाज येतात. उमरखेडच्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. जन्मावरून माणूस जोखणे किती खोटे, याचे याहून जवळचे उदाहरण कोणते?

कायदा एका दिवसात रद्द होतो. संशय मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तुरुंग-नियमावलीतील या जमातींविषयीचे भेदभावाचे नियम सर्वोच्च न्यायालयास २०२४ मध्ये रद्दबातल ठरवावे लागले. गावात चोरी होताच चौकशीआधी पालाकडे बोट दाखविणे थांबेल, तेव्हाच ही मुक्ती पूर्ण होईल.