शोधनिबंधांतील उसनवारी

समजा, आसनगांवाजवळच्या एका महाविद्यालयांतील तरुण अध्यापकानें माहुलीच्या पायथ्याच्या पाड्यांतून तीन वर्षें हिंडून कातकरी कुटुंबांच्या स्थलांतराची माहिती जमविली. वीटभट्टीवर कोण कोणत्या महिन्यांत जातो, उचल किती घेतो, मुलांची शाळा केव्हां सुटते, हें सारें त्यानें टिपून ठेवलें व त्यावरचा निबंध एका लहानशा नियतकालिकांत छापून आणला. वर्षभरानें तेच तक्ते, तालुक्याचें नांव तेवढें बदलून, दुसऱ्याच्या सहीनें प्रसिद्ध झाले. उदाहरण कल्पित आहे. पण असें घडलें तर नुकसान एकट्या अध्यापकाचें होत नाहीं. ज्या तालुक्यांत कोणी पाऊलहि टाकलें नाहीं, तेथील कुटुंबांची खोटी मोजदाद विद्येच्या दप्तरांत कायमची जमा होते, आणि उद्यां एखादी योजना तिच्याच आधारें आंखली जाते.

हा दोष केवळ लहानांच्या वांट्यास येतो असेंहि नव्हे. पेटंट कायद्याविषयीं डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनें डिसेंबर २००६ मध्यें अहवाल सादर केला. त्यांतील कांहीं मजकूर शमनाद बशीर ह्या कायदेपंडिताच्या लेखनांतून श्रेयाविना आल्याचें उघडकीस आलें. अध्यक्षांनीं फेब्रुवारी २००७ मध्यें अहवाल परत घेतला. सुधारलेला अहवाल २००९ मध्यें सादर झाला. एवढ्या मोठ्या नांवाच्या समितीचा अहवाल माघारी घेतला गेला, ही गोष्ट नामुष्कीची खरी. परंतु तो तसाच रेटला असता तर ती नामुष्की शतपट झाली असती.

मग माणसें हें कां करतात? नुसत्या लोभानें नव्हे. अध्यापकांच्या बढतीचा हिशेब निबंधांच्या संख्येशीं जोडला गेला, आणि संख्या पुरवावयास पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें निघालीं. जेथें संपादक निबंध वाचीतच नाहीं, तेथें चोरी पकडणार कोण? विद्यापीठांच्या शिफारशींवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादींत आलेल्या नियतकालिकांची छाननी पुणें विद्यापीठांतील अभ्यासकांनीं केली, तेव्हां तपासलेल्यांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकें कमी दर्जाचीं असावींत असा निष्कर्ष २०१८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आयोगानें ४,३०५ नांवें यादींतून काढून टाकलीं. पुढें पुण्याच्याच साह्यानें ‘केअर’ नांवाची नवी यादी २०१९ मध्यें निघाली आणि २०२५ मध्यें तीहि बंद झाली. यादी करणें सोपें. वाचणारा संपादक मिळणें कठीण!

आयोगाचे २०१८ चे नियम साम्याच्या टक्क्यांवर बेतलेले आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाहीं. ४० पर्यंत प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आंत पुन्हां द्यावयाचा. ६० पर्यंत एक वर्ष थांबावयाचें. त्यापुढें नोंदणीच रद्द. निबंध अध्यापकाचा असेल, तर वरच्या पायऱ्यांवर त्याची वेतनवाढ रोखण्याची व त्याला कांहीं काळ नवे संशोधक विद्यार्थी न देण्याची तरतूद आहे. नियम नसण्यापेक्षां हें बरें. तथापि यंत्र शब्द जुळवितें, विचार नव्हे. नऊ टक्क्यांत निबंधाचा सारा निष्कर्ष मावूं शकतो. इंग्रजी निबंध मराठींत उतरविला, किंवा हल्लींच्या यंत्रांकडून वाक्यें फिरवून घेतलीं, कीं शब्दसाम्य नाहींसें होतें. उलट, कार्यपद्धतीचीं ठराविक वाक्यें लिहिणारा प्रामाणिक विद्यार्थी टक्केवारीच्या भीतीनें स्वतःचींच नीट वाक्यें मोडीत बसतो. म्हणून आंकडा हा संशयास जागा देतो इतकेंच. निवाडा दोन्ही मजकूर शेजारीं ठेवून वाचणाऱ्या माणसानेंच केला पाहिजे.

त्याहून आधींची गोष्ट टिपणवहीची. दुसऱ्याचें वाक्य वहींत उतरतांनाच अवतरणचिन्ह व पृष्ठांक घालावा, असें पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास कितीसे शिक्षक सांगतात? सहा महिन्यांनीं वही उघडल्यावर आपलें कोणतें आणि परक्याचें कोणतें, हें स्मरणशक्ति सांगूं शकत नाहीं.

आतां त्या आसनगांवच्या अध्यापकानें काय करावें? वर्तमानपत्रांत आरोप करण्याची घाई करूं नये. दोन्ही निबंधांतील जुळणारे परिच्छेद व तक्ते समोरासमोर मांडून, प्रसिद्धीच्या तारखांसह, दुसऱ्या नियतकालिकाच्या संपादकास पाठवावे. शिवाय आपल्या मूळ नोंदवह्या जपून ठेवाव्या. १९९७ सालीं इंग्लंडांत कांहीं वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनीं स्थापिलेल्या प्रकाशननीति-समितीनें अशा प्रसंगीं संपादकानें कसें वागावें ह्याचे दंडक घालून दिले आहेत. संपादकानें पुराव्यासह लेखकाला खुलासा विचारावा. उत्तर न आलें तर सहलेखकांस, तरीहि न आलें तर त्याच्या संस्थेस लिहावें. चौकशीचा अधिकार संस्थेचा आहे, संपादकाचा नव्हे. चूक किरकोळ असली तर दुरुस्ती छापावी. उचलेगिरी ठरली तर निबंध मागें घेतल्याची सूचना कारणासह प्रसिद्ध करावी.

मागें घेतलेला निबंध गुपचुप नाहींसा करूं नये, कारण तोंवर कित्येकांनीं त्याचा आधार घेतलेला असतो. त्याच्या प्रत्येक पानावर ‘मागें घेतला’ असा शिक्का असावा, आणि सूचनेंत मूळ निबंध कोणाचा व कोठें छापला गेला हें स्पष्ट लिहावें. छापील मराठी नियतकालिकांना हें अवघड नाहीं: पुढच्या अंकाचें एक पान त्यासाठीं दिलें कीं पुरे.